परीक्षा कोणाची?

गरिबाला मदत करावी, याविषयी ख्रिस्ती माणसाच्या मनात सहसा संदेह नसतो. संदेह असतो तो मदत कशी करावी याविषयी. पैसे हाती द्यावेत की धान्य द्यावे? दरमहा नेमाने द्यावे की अडीअडचणीपुरते? दिलेल्याचा हिशोब मागावा की मागू नये? या सर्व प्रश्नांच्या मुळाशी आणखी एक प्रश्न असतो, पण तो सभेत क्वचितच उच्चारला जातो. ज्याला आपण देतो त्याच्यावर आपला विश्वास आहे काय?

काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या धर्मग्रामातील एका मदत समितीवर काम करीत होतो. रविवारची मिस्सा आटोपली की दोघादोघांनी गरजू कुटुंबांच्या घरी जायचे, चौकशी करायची आणि ठरलेली रक्कम द्यायची, असा परिपाठ होता. प्रत्येक कुटुंबाला एक वही दिलेली असे. पैसे कशावर खर्च झाले ते त्या वहीत लिहून ठेवावे लागे. तीन मुलांची एक विधवा आई आमच्या वाट्याला आली होती. तिच्या वहीत तांदूळ, रॉकेल, खोकल्याचे औषध, शाळेची फी अशा नोंदी असत. एका महिन्यात मात्र तिने लिहिले होते: पांढरा झगा, बूट, मेणबत्ती. धाकट्या मुलीची पहिली कम्युनियन होती. समितीच्या सभेत हा विषय निघाला. धान्यासाठी दिलेले पैसे झग्यावर उडवले, असे एकाने म्हटले. उद्या सगळेच असे करू लागतील, असे दुसऱ्याने म्हटले. तिची मदत दोन महिने थांबवावी, असा ठराव झाला. त्या ठरावाच्या बाजूने ज्यांचे हात वर झाले त्यांत आमचाही हात होता.

पुढच्या रविवारी ती स्वतःच आमच्याकडे आली आणि वही परत करून म्हणाली, "काका, वही अजून भरली नाही, पण आता ती लागायची नाही." तिने तक्रार केली नाही. पुन्हा मदतही मागितली नाही. ती वही अजून आमच्या कपाटात आहे.

या लहानशा प्रसंगाची आठवण आम्हांला होण्याचे कारण वेगळे आहे. गेल्या काही दशकांत जगातील अनेक देशांत एका कल्पनेची चाचणी घेतली जात आहे. तिला ‘सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न’ असे नाव आहे. कल्पना सांगायला सोपी आहे. एखाद्या प्रदेशातील प्रत्येक माणसाला, कुटुंबाला नव्हे तर व्यक्तीला, दरमहा ठराविक रोख रक्कम द्यावी. ती देताना तो गरीब आहे की श्रीमंत, काम करतो की करीत नाही, पैसे कशावर खर्च करतो, यांपैकी काहीही विचारू नये. श्रीमंतांना दिलेली रक्कम करांच्या वाटे सरकारजमा होते, म्हणून प्रत्येक दारी जाऊन पात्र कोण आणि अपात्र कोण याची छाननी करण्याचे कारण उरत नाही. थोडक्यात, आमच्या समितीने जे केले त्याच्या नेमकी उलट अशी ही रीत आहे. ती ऐकताच मनात शंकांचे मोहोळ उठते. लोक आळशी होतील, दारू पितील, पैसे उडवतील! या शंका खऱ्या की खोट्या हे पाहण्यासाठीच चाचण्या झाल्या. त्यांतील एका चाचणीची हकीकत येथे थोडी विस्ताराने सांगावीशी वाटते, कारण ती ख्रिस्ती मंडळींनी पुढाकार घेऊन केलेली आहे.

आफ्रिका खंडाच्या नैर्ऋत्येला नामिबिया हा देश आहे. प्रथम तो जर्मनांची वसाहत होता. १९०४ ते १९०८ या काळात तेथील हेरेरो आणि नामा या जमातींचा वसाहतवाल्यांनी भीषण संहार केला आणि त्यांच्या जमिनी बळकावल्या. पुढे दक्षिण आफ्रिकेची सत्ता आली, आणि १९९० साली देश स्वतंत्र झाला. स्वातंत्र्य आले तरी जमीन बव्हंशी मूठभरांच्याच हाती राहिली. ज्या देशांत गरीब आणि श्रीमंत यांच्यामधील दरी सर्वांत रुंद आहे, त्यांत नामिबियाची गणना होते. २००२ साली शासनाने नेमलेल्या एका करविषयक समितीनेच अशी शिफारस केली की, देशातील प्रत्येक नागरिकाला दरमहा किमान १०० नामिबियन डॉलर द्यावेत. शासनाने ती शिफारस बाजूला ठेवली. तेव्हा तेथील ख्रिस्ती मंडळ्या, कामगार संघटना आणि सेवाभावी संस्था एकत्र आल्या. त्यांचे नेतृत्व लुथरन पंथाचे बिशप झेफानिया कमीता यांच्याकडे होते. शासन करीत नसेल तर एका गावात आपण करून दाखवू, असे त्यांनी ठरविले.

राजधानी विंडहुकच्या पूर्वेस सुमारे १०० किलोमीटरवर असलेली ओत्जिवेरो ही वस्ती त्यांनी निवडली. आसपासच्या मोठ्या शेतमळ्यांवरून काम सुटलेली माणसे येथे पत्र्याच्या आणि पुठ्ठ्याच्या खोपट्यांत येऊन राहिली होती. चहूंकडे मळेवाल्यांची तारेची कुंपणे होती. नांगरायला जमीन नाही, गुरे चारायला कुरण नाही, हाताला काम नाही, अशी त्यांची स्थिती होती. जानेवारी २००८ पासून डिसेंबर २००९ पर्यंत, म्हणजे पूर्ण दोन वर्षे, या वस्तीत राहणाऱ्या साठ वर्षांखालील प्रत्येकाला दरमहा १०० नामिबियन डॉलर देण्यात आले. त्या वेळच्या दराने ही रक्कम आपल्या पाचशे ते साडेपाचशे रुपयांच्या आसपास होती. साठीच्या पुढील वृद्धांना शासनाचे निवृत्तिवेतन मिळत असल्यामुळे त्यांना वगळले होते. घेणाऱ्यांची संख्या ९३० च्या घरात होती. मुलांचे पैसे त्यांचा सांभाळ करणाऱ्या व्यक्तीच्या, बहुधा आईच्या, हाती दिले जात. कसलीही अट नव्हती. हिशोबाची वही नव्हती.

मग काय घडले? चाचणी करणाऱ्यांच्या अहवालानुसार, पहिल्या वर्षाच्या आतच अन्नालाही मोताद असलेल्यांचे प्रमाण शेकडा ७६ वरून ३७ वर आले. वयाच्या मानाने वजन कमी असलेली बालके शेकडा ४२ होती, ती १० वर आली. शाळा सोडणाऱ्या मुलांचे प्रमाण शेकडा ४० च्या जवळ होते, ते जवळजवळ शून्यावर आले. दवाखान्याची फी भरणे जमू लागले, तेव्हा लोक दुखणे अंगावर न काढता वेळेवर दवाखान्यात जाऊ लागले. आणि ज्याची सर्वांना भीती होती त्या आळसाचे काय? पंधरा वर्षांवरील माणसांत काही ना काही मिळवते काम करणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४४ वरून ५५ वर गेले. कोणी विटा पाडू लागले, कोणी पाव भाजून विकू लागले, कोणी कपडे शिवू लागले. असे धंदे पूर्वी चालणे शक्यच नव्हते, कारण विकत घेणाऱ्याच्याही खिशात दमडी नव्हती.

आम्हांला या हकीकतीतील आणखी एक गोष्ट आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. पैसे मिळणार हे कळताच वस्तीतील लोकांनी आपण होऊन अठरा जणांची एक समिती निवडली. पैसे कसे जपून वापरावेत याविषयी ही समिती एकमेकांना सल्ला देत असे. वाटपाच्या दिवशी दारूचे गुत्ते बंद राहावेत म्हणून तिने गुत्तेवाल्यांशी बोलणी केली. बाहेरच्या कोणी हे त्यांच्यावर लादले नव्हते. ज्यांच्यावर अविश्वास दाखविला जातो ते पळवाट शोधतात. ज्यांच्यावर विश्वास टाकला जातो ते स्वतःच आपले नियम करू लागतात, असे येथे दिसले.

ही हकीकत एकतर्फी सांगणे मात्र योग्य होणार नाही. या चाचणीवर अर्थतज्ज्ञांनी आक्षेप घेतले आहेत आणि ते वजनदार आहेत. जिच्याशी तुलना करता येईल अशी दुसरी वस्ती निवडली नव्हती. चाचणी घेणारे स्वतःच या कल्पनेचे पुरस्कर्ते होते. पैसे मिळतात हे ऐकून बाहेरगावचे नातेवाईक वस्तीत येऊन राहू लागले, त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा मेळ घालणे अवघड झाले. शेजारचे मळेवाले तर दारू वाढली असेच सांगत राहिले.

असे आक्षेप ध्यानात घेऊन आपल्याच देशात, माळव्यात, इंदूरच्या परिसरातील गावांत २०११ आणि २०१२ साली अधिक काटेकोर चाचणी झाली. ‘सेवा’ या स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने ती केली. आठ गावांतील आणि एका आदिवासी पाड्यातील सुमारे ६,००० लोकांना दरमहा पैसे देण्यात आले. गावांत प्रौढाला २०० आणि मुलामागे १०० रुपये असा प्रारंभ होता, पुढे ते ३०० आणि १५० झाले. तुलनेसाठी तशाच इतर गावांची पाहणी करण्यात आली. तेथेही अन्न सुधारले, मुलांचे, विशेषतः मुलींचे, पोषण सुधारले, शाळेतील हजेरी वाढली. अनेकांनी शेळ्या, कोंबड्या, गुरे घेतली. कित्येकांनी दुसऱ्याच्या शेतावरील मजुरी कमी करून आपल्या तुकड्यावर अधिक कष्ट केले. सावकाराच्या दारी जाण्याची वेळ कमी आली. दोन खंडांतील दोन गरीब वस्त्यांनी एकच साक्ष दिली की, पोटाची चिंता थोडी हलकी झाली म्हणजे माणूस हातपाय गाळून बसत नाही, उलट हातपाय हलवू लागतो.

परंतु आमच्या मते खरा प्रश्न येथे संपत नाही, येथून सुरू होतो. क्षणभर असे समजू की, ओत्जिवेरोत काहींनी खरोखरच दारू प्यायली असती आणि माळव्यातील काही जण ओटीवर बसून राहिले असते. मग त्या बालकांना अन्नाचा अधिकार नाही असे सिद्ध झाले असते काय?

या ठिकाणी श्रमाचा पुरस्कार करणारे आपल्याला संत पौलाची आठवण करून देतात. जो काम करू इच्छित नाही त्याने खाऊही नये, अशा अर्थाचा उपदेश थेस्सलनीकेच्या मंडळीला त्याने केला आहे. हा उपदेश आपण अनेकदा ऐकतो, परंतु त्याचा संदर्भ सहसा ऐकत नाही. प्रभूचे पुनरागमन आता आलेच, या समजुतीने कामधाम सोडून इतरांच्या जिवावर भटकणाऱ्यांना तो उद्देशून आहे. आणि पौल बोलतो तो काम करण्याची इच्छा नसलेल्यांविषयी. ज्यांना कामच मिळत नाही, ज्यांना ते झेपत नाही, जी आई तान्ह्या मुलाला सांभाळते आणि जिच्या त्या कष्टाला कोणी काम म्हणत नाही, त्यांच्याविषयी नव्हे. महात्मा गांधींचाही धडधाकट माणसाला फुकट जेवू घालण्यास विरोध होता. त्यामागे गरिबाच्या स्वाभिमानाची काळजी होती, हे आपण विसरू नये. आपल्या महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना उभी केली आणि १९७७ साली तिला कायद्याचे रूप दिले. वि. स. पागे यांच्या दूरदृष्टीतून आलेली ही योजना मागेल त्याला काम देणारी होती. तिने लाखो कुटुंबे जगविली. परंतु खडी फोडण्याच्या त्या कामावर म्हातारी, आजारी आणि पोटुशी बाई कशी जाणार, हा प्रश्न त्याही वेळी होता.

बिशप कमीता यांच्यापुढेही हाच आक्षेप वारंवार ठेवला गेला. त्याला त्यांनी निर्गमाच्या पुस्तकातील मान्नाच्या कथेचा आधार घेऊन उत्तर दिले. गुलामगिरीतून सुटलेल्या इस्राएली लोकांना देवाने रानात मान्ना दिला. त्याने ते आळशी झाले नाहीत. त्या अन्नाच्या बळावरच ते वाळवंट ओलांडून पुढे चालू शकले, असे त्यांचे प्रतिपादन होते. आम्हांला हे उत्तर फार मोलाचे वाटते. मान्ना ही मुक्कामाची शिदोरी नव्हती, वाटचालीची होती. ती ज्याला त्याला गरजेपुरती मिळे, आणि साठवून ठेवली तर नासून जाई.

प्रभू येशूने सांगितलेला द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखलाही येथे आठवतो. मळ्याचा धनी पहाटेपासून पाच वेळा बाहेर जातो आणि दर वेळी चौकात उभ्या असलेल्या माणसांना कामावर घेतो. शेवटचे तर दिवस मावळण्यापूर्वी एक तास असताना येतात. आपल्याकडे शहरोशहरी मजुरांचे नाके असतात. सकाळी आठ वाजता तेथे गर्दी असते. दुपारी बारा वाजता जे उरलेले असतात त्यांच्याकडे पाहिले म्हणजे हा दाखला समजतो. ते आळशी म्हणून उभे नसतात, त्यांना कोणी बोलाविलेले नसते म्हणून उभे असतात. धनी त्यांनाही पूर्ण दिनार देतो, कारण दिनार म्हणजे एका घराचे एका दिवसाचे पोट. या दाखल्याचा मुख्य अर्थ देवाच्या राज्याविषयी आहे आणि त्यातून एखादी सरकारी योजना काढणे हे शास्त्राला धरून होणार नाही, हे आम्ही जाणतो. तथापि त्यातील एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. तक्रार करणारे कोण आहेत? ज्यांना काही कमी मिळाले असे कोणीच नाहीत. दुसऱ्याला ‘न कमावता’ मिळाले, एवढेच त्यांचे दुःख आहे.

न कमावता मिळालेल्याविषयी आपणही थोडे आत्मपरीक्षण करावे, असे आम्हांला वाटते. वसईच्या पट्ट्यातील आपल्या कित्येक कुटुंबांकडे आजोबा-पणजोबांची वाडी होती. केळी, पानवेल, फुले, भाजी यांवर घर चालत असे, आणि त्यासाठी घाम गाळावा लागत असे. नंतर शहर पसरत आले आणि त्याच जमिनीच्या गुंठ्याला जो भाव आला तो कोणाच्या घामाने आला नव्हता. ज्यांनी जमीन विकली त्यांना मिळालेले पैसे त्यांनी कशावर खर्च केले? कोणी मुलांना शिकविले, कोणी घर बांधले, कोणी मोठी लग्ने केली, कोणी दारूत घालविले. त्या सर्वांना पैसे देताना कोणी वही दिली नव्हती. वारसाहक्काने मिळालेल्या संपत्तीने माणूस आळशी होईल की काय, याची चाचणी आजवर कोणत्याही देशात घेतली गेलेली आम्ही ऐकलेली नाही. ही शंका केवळ गरिबाविषयीच घेतली जाते.

पवित्र सभेची शिकवण याबाबतीत आपल्या सवयींहून अधिक धीट आहे. सृष्टीतील संपत्ती देवाने सर्वांसाठी निर्माण केली आहे, आणि खाजगी मालकीचा हक्क खरा असला तरी तो या मूळ हेतूच्या अधीन आहे, असे ती सांगते. गरिबाला देणारा स्वतःचे काही दान करीत नसतो, तर त्याचे त्याला परत करीत असतो, हा संत अँब्रोज यांचा विचार पोप सहावे पॉल यांनी १९६७ सालच्या ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’ या परिपत्रकात नव्याने मांडला. ओत्जिवेरोतील कुंपणांकडे पाहिले म्हणजे या विचाराचा अर्थ उमगतो. ज्यांच्या पूर्वजांची जमीन हिरावली गेली त्यांना दरमहा १०० डॉलर देताना ‘फुकट’ हा शब्द वापरणे कितपत प्रामाणिक आहे?

दुसरीकडे हीच सभा कामाची प्रतिष्ठाही सांगते. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या १९८१ सालच्या ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ या परिपत्रकाचे सार असे की, माणूस कामासाठी नसून काम माणसासाठी आहे, आणि कामातून माणूस अधिक माणूस होतो. म्हणून दरमहा काही रक्कम दिली आणि आपली जबाबदारी संपली, असे ख्रिस्ती माणसाला म्हणता येणार नाही. माणसाला भाकरीबरोबरच आपली कोणाला तरी गरज आहे ही जाणीवही हवी असते, आणि ती कोणतीही बँक खात्यात जमा करू शकत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२० सालच्या ईस्टरच्या दिवशी जगभरातील लोकचळवळींना पत्र लिहिले. त्यात सार्वत्रिक मूलभूत वेतनाचा विचार करण्याची वेळ कदाचित आली असावी, असे त्यांनी सुचविले. तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे फेरीवाले, कचरा वेचणारे, लहान शेतकरी, घरी राहून वृद्धांची शुश्रूषा करणारे असे लोक होते. त्यांचे काम काम म्हणून ओळखले जावे, हा त्यामागील हेतू होता. अर्थात त्यांच्या दृष्टीने ही सूचना श्रमाच्या विरोधात नव्हती, श्रमाच्या सन्मानासाठी होती.

मग चाचणी घेऊच नये काय? असे आम्ही म्हणणार नाही. सार्वजनिक पैसा ही विश्वस्ताने सांभाळायची ठेव आहे आणि तो कोणत्या मार्गाने अधिक फलदायी होईल हे तपासणे शासनाचे कर्तव्य आहे. भारत सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत या कल्पनेवर एक स्वतंत्र प्रकरण होते. लोकसंख्येच्या शेकडा ७५ लोकांना वर्षाला प्रत्येकी ७,६२० रुपये दिल्यास राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा ४.९ इतका खर्च येईल, असा हिशोब त्यात मांडला होता. हा भार लहान नाही. रोख पैसे देऊन रेशनचे दुकान बंद केले आणि धान्याचे भाव वाढले तर गरिबाच्या हाती काय उरेल? जेथे दवाखानाच नाही तेथे दवाखान्याच्या फीचे पैसे काय कामाचे? माळव्यातील चाचणीत रेशन चालूच ठेवले होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. हे सर्व प्रश्न मार्गाविषयीचे आहेत. ते विचारलेच पाहिजेत.

परंतु मार्गाची परीक्षा आणि माणसाची परीक्षा या दोन गोष्टी भिन्न आहेत. औषधाची चाचणी घेताना आपण औषध गुणकारी आहे की नाही हे पाहतो, रोगी बरा होण्यास पात्र आहे की नाही हे पाहत नाही. गरिबीच्या बाबतीत मात्र ही सीमारेषा सहज पुसली जाते. महाराष्ट्रात २०२४ साली लाडकी बहीण योजना सुरू झाली आणि पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. ती सार्वत्रिक नाही, उत्पन्नाच्या आणि वयाच्या अटी तिला आहेत. पुढे अर्जांची छाननी होऊन अनेक नावे वगळली गेली. नियम मोडणाऱ्याला वगळणे न्याय्यच आहे. पण रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला आपण खोट्या नाही हे सिद्ध करावे लागते, तेव्हा मदतीबरोबर थोडी मानहानीही तिच्या पदरात पडते. आणि तिची नोंद कोणत्याही हिशोबात होत नाही.

चाचणी घेणाऱ्यांवरही एक नैतिक ऋण असते. ओत्जिवेरोत दोन वर्षे संपली. त्यानंतर काही काळ ८० नामिबियन डॉलरची थोडी कमी रक्कम देणे चालू राहिले आणि २०१२ साली तेही थांबले. शासनाने ही योजना देशभर लागू केली नाही. बिशप कमीता स्वतः २०१५ साली दारिद्र्य निर्मूलन खात्याचे मंत्री झाले, तरीही ती आली नाही. तिच्या जागी २०१६ साली धान्य देणारी अन्नपेढी आली. ज्यांनी जगाला साक्ष पुरविली त्या वस्तीला त्या साक्षीचे फळ मिळाले नाही. एखाद्याच्या भुकेवर प्रयोग करून आपण ज्ञान मिळविले, तर ते ज्ञान वापरण्याची जबाबदारी कोणाची? केनियात चालू असलेल्या मोठ्या प्रयोगात ‘गिव्हडायरेक्टली’ या संस्थेने ४४ गावांना १२ वर्षे पैसे देण्याचे वचन दिले, ते याच दृष्टीने अधिक माणुसकीचे वाटते. बारा वर्षांत निदान एक मूल शाळा पूर्ण करू शकते.

एवढे सर्व लिहून झाल्यावर आम्ही पुन्हा त्या जुन्या वहीकडे वळतो. जगाची अर्थव्यवस्था बदलणे तुमच्याआमच्या हाती नाही. धर्मग्रामातील मदतपेटी मात्र आपल्या हाती आहे. आज त्या सभेत बसण्याची संधी मिळाली तर आम्ही एवढेच म्हणू: आपला निधी तुटपुंजा आहे, तो कोणाला द्यायचा हे ठरवावे लागेल, पण एकदा दिल्यावर वही नको. घरात काय आहे, काय नाही, हे त्या आईला आपल्यापेक्षा जास्त कळते. पुढच्या रविवारी हिशोब तपासायला न जाता तिच्याकडे चहा प्यायला जावे आणि मुले कशी आहेत ते विचारावे. पैसे आणि हा विश्वास ही दोन्ही एकाच हाताने द्यायची असतात.

त्या बाईने झग्यावर पैसे उडवले नव्हते. आपली लेक वेदीपुढे इतर मुलींसारखीच उभी राहावी, एवढीच तिची इच्छा होती. त्या दिवशी चर्चमध्ये सर्व मुली पांढऱ्या झग्यांत होत्या आणि प्रत्येकीच्या हाती मेणबत्ती होती. कोणती मेणबत्ती कोणाच्या पैशांची, हे वेदीवरून पाहणाऱ्याने विचारले नाही. विचारले ते आम्ही.